गंगाच्या वहीतली लाल फुली

मंगळवार, झरी

शाळा सुटून तीन तास झाले, तरी ती लाल फुली डोळ्यांपुढून जायना.

आज नववीला ‘हॉलोकॉस्ट’ शब्द शिकवला. नाझींनी लाखो ज्यू मारले, त्याचं नाव. फळ्यावर मूळ ग्रीक अर्थ लिहिला, ‘देवापुढं पूर्ण जाळलेली आहुती’. ऊसतोडीवरून परवाच परतलेली गंगा उठली. “सर, आहुती आपण मनानं देताव. ह्यायला तर मारलं की!”

खरंच होतं. म्हणूनच बरेच ज्यू ‘हॉलोकॉस्ट’ शब्द टाळतात, हे मी वाचलेलं. पण सगळ्या वर्गापुढं आपलाच फळा पुसायचा? म्हणालो, “फळ्यावरचं लिही. बस खाली.”

नंतर वह्या तपासल्या. तिनं ‘आहुती’ खोडून ‘कत्तल’ लिहिलं होतं. फळ्याशी जुळत नव्हतं, म्हणून मी फुली मारली. लाल, ठळक.

वही घेताना तीच मला म्हणाली, “चुकलं, सर.”