पायाचा पुढचा भाग

२ नोव्हेंबर २००३, रविवार
कराटेचे सर सावंतवाडीहून साडेआठच्या एस.टी.ने आले. आज नुसत्या लाथा. कुठली लाथ पायाच्या कुठल्या जागेने मारली म्हणजे आपलाच पाय मोडत नाही, ते दाखवलं. तक्ता लिहायचं माझ्याकडे. शाळा नववीत सुटली, पण अक्षर बरं म्हणून.
गोल लाथ : पावलाची वरची बाजू.
बाजूची लाथ : टाच.
पुढची लाथ : सर म्हणाले, चवडा. इथे पेन अडलं. चवडा की चौडा? सगळ्यांदेखत विचारायची लाज वाटली. ‘पायाचा पुढचा भाग’ लिहिलं. यात चूक निघणार नाही.

५ नोव्हें.
तक्ता शाळेच्या पडवीत, वाळूच्या पोत्याशेजारी लावला. तीनदा तपासला. ऱ्हस्व-दीर्घ सगळे बरोबर. रविवारपर्यंत सराव मी घ्यायचा, लाथा मारून दाखवायच्या.

६ नोव्हें.
आमच्या वर्गातल्या दिनूचा पायाचा अंगठा मोडला. माझ्यासमोर. पुढची लाथ, सगळा जोर लावून, बोटं सरळ. पोत्यातली वाळू बसून दगड झालेली. ओरडला नाही, पाय धरून खाली बसला.
आमच्याकडे पायाचा पुढचा भाग म्हणजे बोटंच. चवडा लिहिलं असतं तर बोटं मागे ओढून, त्यांच्या मुळाशी जो जाड भाग…

७ नोव्हें.
दिनूकडे गेलो. दोन ठिकाणी मोडलाय. दीड महिना भावाच्या होडीवर मासे धरायला जायचं नाही. त्याची आई चुलीजवळून, “बापाशीन जाळ्यान मासे धरल्यान. तू लाथ मारून धरतलंस काय रे?” दिनू हसला. मला म्हणाला, “माझीच चूक रे.” तेव्हा बोलायला हवं होतं. चहा प्यालो नि आलो.

९ नोव्हें., रवि.
सरांनी तक्ता वाचला. “चवडा सांगितलं होतं ना?” म्हणालो, जागा पुरली नाही. खोटं. ओळीत अर्धी जागा मोकळी होती. तक्ता काढला. दिनूला कोणी सांगितलं नाही. मीही.

२८ डिसें.
दिनूची पट्टी सुटून आठवडा झाला. अंगठा वाकत नाही. होडीच्या काठावर उभं राहून जाळं ओढताना भार अंगठ्यावर येतो. दिनू दोनदा घसरला. आज त्याच्या भावाने त्याच्या जागी दुसरा गडी घेतला. आता दिनू किनाऱ्यावर बायकांबरोबर मासळी निवडतो. एक म्हणाली, “काय रे कराटे, ह्यो बांगडो खंयच्या पायान मारतलंस?” सगळ्या हसल्या. त्याने मान वर केली नाही.


११ जानेवारी २००४
सांगितलं. किनाऱ्यावर, बायका गेल्यावर. तक्ता माझा चुकला, शब्द लिहिता येत नव्हता, विचारला नाही. सगळं एका दमात.
दिनू बांगडे वेगळे करत राहिला. मग, “तक्तो? तो मी खंय वाचलंय? मी तुझो पाय बघलंय, तसोच मारलंय.”
मला सोडवायला म्हणाला की खरंच, कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. त्याची टोपली उचलू लागलो, त्याने उचलू दिली नाही.
घरी येऊन परसात उभा राहिलो. पुढची लाथ, हवेत. पुन्हा. पुन्हा. बोटं मागे असतात असं वाटतं. पण मारताना खाली बघितलं की तोल जातो.