हिरव्या भिंतीचं घर निंग्रुमच्या नावे

बिस्मिल्लाह. मी मार्सुदी, वय अडुसष्ट, साखर कारखान्यातला निवृत्त फिटर, राहणार वोनोआरुम, स्टेडियममागची गल्ली. हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. यकृत निकामी झालं आहे, डोकं शाबूत आहे. हे लिही म्हणून कोणी दाब आणलेला नाही. लिहू नकोस म्हणून मात्र बऱ्याच जणांनी आणला. आधीचा कागद रद्द समजावा.

१. राहतं घर. धर्माप्रमाणे अर्धं माझ्या नातीचं, किनांतीचं आहे. उरलेलं धाकटा भाऊ सुगेंग याच्याकडे जातं. ते त्याने माझी सून निंग्रुम हिच्यासाठी सोडलं आहे. सही सोबत जोडली आहे. खुशीने सोडलेलं नाही. म्हणाला, "दादा, डोकं फिरलंय का तुझं? लोरांगनची बाई ती! उद्या भिंतीला निळा रंग फासेल, मग गल्लीत कुठल्या तोंडाने फिरू?"

मी म्हटलं, "फासू दे. त्या गुडघ्यांनी आधी फिरून दाखव, तोंडाचं नंतर बघू."

ज्यांना लोरांगनचं, त्या निळ्या संघाच्या शहराचं, नाव काढलं की थुंकावंसं वाटतं, त्यांनी पाचवं कलम वाचेपर्यंत थुंकी गिळावी. निंग्रुमने हे घर घ्यावं एवढीच माझी शेवटची इच्छा आहे. पाचवं कलम ऐकून ती घेईल की नाही, हे मला माहीत नाही.

२. वडिलांची जर्सी. पर्सेवोन हा आमचा हिरव्या जर्सीचा फुटबॉल संघ कारखान्याच्या मजुरांनी १९५४ साली काढला. माझा बाप त्यात अनवाणी खेळायचा आणि सामना संपला की रात्रपाळीला जायचा. ती जर्सी क्लबला देऊ नये. आताचे मालक ती काचेत लावतील आणि बघायला तिकीट ठेवतील. संघ हरला की हेच मालक मागच्या दाराने पळतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. जर्सी सुगेंगच्या धाकटीला द्यावी. ती खेळते.

३. ढोल आणि मेगाफोन. एकवीस वर्षं मी दिरिगेन होतो. कुंपणावर चढून, मैदानाकडे पाठ करून, बारा हजार माणसांकडून गाऊन घ्यायचं हे माझं काम. लोक म्हणतात, पाक मार्सुदीने, म्हणजे मार्सुदीबाबाने, पर्सेवोनचे सगळे सामने पाहिले. मी एकही गोल पाहिलेला नाही. समोरच्यांची तोंडं बघून स्कोअर ओळखायचो. बायको आजारी होती तेव्हाही कुंपणावरच होतो. तिची माफी मागायची राहून गेली. ढोल पाठीराख्यांच्या मंडळाकडे राहू द्यावा. मेगाफोन मी काल हातोड्याने फोडला. त्याचे तुकडे कोणी आठवण म्हणून उचलू नयेत.

४. गाणं. 'निळा आला चालत, जाईल खांद्यावर' हे गाणं माझं आहे. लोरांगनचा संघ आपल्याकडे पोलिसांच्या चिलखती गाडीत बसून येतो, त्यात या गाण्याचा वाटा मोठा आहे. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा. हे गाणं मी कोणालाही देत नाही. माझ्या जनाज्यात कोणी गुणगुणलं तर सुगेंगने त्याला हाताला धरून बाहेर काढावं, तो मंडळाचा अध्यक्ष असला तरी.

५. माझा मुलगा प्रासेत्यो. स्टेडियमच्या भिंतीवर त्याचं चित्र आहे आणि खाली लिहिलं आहे, 'लोरांगनवाल्यांनी मारलेला आमचा हुतात्मा'. हे खोटं आहे. सहा वर्षं मी हे खोटं चालू दिलं.

प्रासेत्यो लोरांगनच्या गोदीत नोकरीला होता. मोटरसायकल बायकोच्या, निंग्रुमच्या, ओळखपत्रावर घेतलेली, म्हणून नंबरपाटीचं पहिलं अक्षर त्यांच्या शहराचं. सामन्याच्या दिवशी अशा पाटीवर पुठ्ठा बांधायचा, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. त्याने बांधला नाही. आपल्याच गल्लीत, बापाच्या घरी जेवायला यायला पुठ्ठा कशाला, असं त्याला वाटलं असावं. डोक्यावर हेल्मेट, तोंडाला फडकं. जाकिटाच्या आत हिरवी जर्सी होती, पण ती नंतर दिसली.

आमची मिरवणूक स्टेडियमकडे चालली होती आणि मी ट्रकच्या टपावर उभा होतो. समोरून गाडी आली. मी पाटी वाचली, माणूस पाहिला नाही. मेगाफोन तोंडाला लावला आणि ओरडलो, "पाहुणे आले रे पोरांनो! जेवायला वाढा!"

पोरांनी वाढलं. मी वरून गाणं चालू ठेवलं. दोन कडवी पूर्ण गायली.

हेल्मेट निघालं तेव्हा ढोलावरचा तेगार मोठ्याने ओरडला. पोलिसांनी 'अनोळखी जमाव' लिहिलं. संध्याकाळपर्यंत कोणीतरी 'लोरांगनवाले' म्हणालं आणि मी होकारार्थी मान हलवली. त्या मान हलवण्याने निंग्रुमचं माहेर तुटलं. तिचा भाऊ निळ्यांचा पाठीराखा, म्हणून सहा वर्षांत ती त्याच्या दारात गेली नाही. आई वारली तेव्हाही गेली नाही. इथे गल्लीतल्या बायका तिला 'शत्रूची लेक' म्हणत राहिल्या, आणि ती माझ्यासाठी भाताची पेज करत राहिली. एकदा मला म्हणाली, "पाक, माझ्याच माणसांनी तुमचा मुलगा नेला. मला माफ करा." मी म्हटलं, "जाऊ दे, बाळ." यापेक्षा नीच शब्द मी आयुष्यात बोललेलो नाही, आणि मी गाणी लिहिलेली आहेत.

६. मला पुरल्यावर हा कागद इथे वाचू नये. लोरांगनला निंग्रुमच्या भावाच्या ओसरीवर, तिच्या आणि त्याच्या समोर, मोठ्याने वाचावा. भिंतीवरचं चित्र चाळीस दिवसांच्या आत पुसावं. घर नको असेल तर तिने ते विकावं, पाडावं, तिची मर्जी. तिने माझ्या कबरीवर यावं अशी अट नाही.

हे सर्व खरं आहे आणि मला ते तोंडाने सांगायची छाती झाली नाही.

सही: मार्सुदी
वोनोआरुम, १४ मार्च २०२३

साक्षीदार पहिला: सुगेंग, भाऊ. मजकूर माझ्यासमोर लिहिला. ट्रक मी चालवत होतो, हे दादाने लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो.

साक्षीदार दुसरा: तेगार, मंडळाचा अध्यक्ष. मजकूर वाचला. पहिला फटका माझा होता. लोरांगनला कागद वाचायला मीच जाईन.