लहान राहिलेले मासे

प्रिय धाकल्या,

परवा तुझी बायको माझ्या ऑफिसात येऊन गेली. तू स्वतः आला नाहीस, ते तुझ्या स्वभावाला धरूनच झालं. तिनं टाइप केलेला कागद टेबलावर ठेवला आणि माझ्या सहीची मोकळी जागा बोटानं दाखवली. तळ्यातले मासे वरच्या रंगकारखान्याच्या पाण्यानं संपले, असं मत्स्यकेंद्राच्या वतीनं मी लिहून द्यायचं. मी तिला पाणी दिलं आणि कळवते म्हणाले. बिचारीला तोंडावर नाही म्हणवेना, एवढंच.

सहा वर्षांत आपण एकमेकांशी बोललो नाही, म्हणून हे पत्र लांबेल. होडी तुला मिळणार हे आपल्या जन्माआधीच ठरलेलं होतं. मला शाळा मिळाली, कारण मला द्यायला घरात दुसरं काही नव्हतं. बाबांना मात्र माझ्या नोकरीचं अप्रूप होतं. धक्क्यावर मी पट्टी घेऊन मासे मोजायला बसले की ते आपली टोपली मुद्दाम आधी माझ्यापुढे ठेवायचे. चोवीस वर्षांपूर्वी मी नियम लिहिला, की दीड वितीपेक्षा लहान मासा परत पाण्यात सोडायचा आणि मोठाच ठेवायचा. पोरं वाढू द्या, थोरले न्या, इतकं सरळ. पहिली चार माणसं कुरकुरली, तेव्हा बाबा म्हणाले होते, “माझ्या लेकीनं लिहिलंय, मी पाळणार.” सगळ्यांनी पाळलं. तूही.

पुढे माझी पट्टी खोटं बोलायला लागली असं मला वाटलं. मासे दरवर्षी आखूड भरत होते. आधी वाटलं, कोवळी पिलं असतील. मग खवले भिंगाखाली धरले. झाडाच्या बुंध्यात उमटतं तसं खवल्यावरही वर्षागणिक एक कडं उमटतं. वीतभर माशाच्या खवल्यावर पाच कडी होती आणि पोटात अंड्यांनी भरलेली गाभोळी. पिलू कसलं, ती पाच वर्षांची बाई होती. तुझ्या लहानपणी त्या वयाचा मासा तुला दोन हातांनी उचलावा लागायचा.

त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण हे माझंच काम होतं. कुठल्याही तळ्यात सगळे मासे सारखे नसतात. काही झपाट्यानं वाढतात, काही हळू वाढतात आणि अंगानं लहान असतानाच अंडी घालतात. हे त्यांच्या रक्तात असतं आणि पिलांत उतरतं. आपण काय केलं? भरभर वाढणारा अंडी घालायच्या आधीच दीड वितीचा व्हायचा आणि टोपलीत जायचा. खुरटा सुटायचा, त्याची पिलं व्हायची, तीही खुरटी. अठरा वर्षं आपण अशी निवड करत होतो आणि तिला शिस्त म्हणत होतो. एकही मासा स्वतः लहान झाला नाही. लहान राहणारेच मागे उरले.

हे मी आधी घरी येऊन तुला सांगायला हवं होतं. तू मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष झाला होतास आणि मला तुझ्यासमोर चार लोकांत शहाणं ठरायचं होतं. म्हणून मी तक्ते घेऊन थेट सभेत आले. नियम बदलू या म्हणाले. काही वर्षं काही जागी जाळं टाकूच नका, थोडे मोठे मासे जगू द्या. तू उठलास आणि म्हणालास, “ताई, मासे तुझी पट्टी बघून अंग चोरतात का?” सभा हसली, ते मी सोसलं. पण मागच्या बाकावर बाबाही हसले. डोळे पुसत हसले रे. मी तक्ते गुंडाळले आणि बाहेर पडले.

त्यानंतर मासे लहान आहेत तर जाळ्याची भोकं लहान करा, हा ठराव तू केलास. म्हणजे जे निसटत होते तेही गेले. चार वर्षांत तळं रिकामं झालं. दरम्यान बाबा गेले. मला ते बर्फाच्या गाडीच्या ड्रायव्हरकडून कळलं, तेही दुसऱ्या दिवशी. मी तुझ्या दारापर्यंत आले, तेव्हा सगळं आटोपलं होतं. शेवटी ते माझ्याबद्दल काही बोलले का, हे तू कधी सांगितलं नाहीस आणि मी विचारणारही नाही. खोटं सांगशील, आणि ते मला खरं वाटेल.

कारखान्याचं पाणी मी महिन्यातून दोनदा तपासते. ते दोषी असतं तर तुझ्याआधी मीच बोंब मारली असती. पाणी स्वच्छ आहे. तिथे दोनशे माणसं कामाला आहेत. त्यांच्या दाराला कुलूप लावून आपला गुन्हा झाकायला मी सही देणार नाही. बाहेरून पिलं आणून सोडू, असंही तू म्हणतोस म्हणे. सोड. त्याच जाळ्यांनी त्यांचंही तेच होईल. आणि जाळी आज थांबवलीस तरी मोठे मासे आपल्या हयातीत परततील की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांचं बीजच फार थोडं उरलंय.

तळं कशानं रिकामं झालं, यावर उद्या अकरा वाजता चौकशी समिती बसते आहे. साक्ष द्यायला मला बोलावलंय, हे तुला ठाऊक नाही. मी आधी माझा नियम वाचून दाखवीन, माझ्या सहीसकट, आणि ती चूक माझी म्हणून सांगेन. मग तुझा ठराव वाचीन, तुझ्या सहीसकट. नोकरी बहुधा जाईल, तुझं अध्यक्षपदही. बाबा गेल्याची बातमी मला परक्याकडून मिळाली. तुझी बातमी तुला परक्याकडून मिळू नये, म्हणून आज लिहिलं. याला माया समजू नकोस. माझ्यात ती किती उरली आहे, ते मी मोजलेलं नाही.

तरीही तुझीच,
ताई