मारोतीच्या शर्टाचा वास

मंगळवार, ११ नोव्हेंबर. दिवेलागण.

सेंट बंद करायचं? नाही. शुक्रवारी मंडईच्या जत्रेत आमच्या दंडारीचा खेळ आहे आणि त्यात मारोती नवरा होतो, मी त्याची बायको. पंचवीस वर्षं बायकांची सोंगं करतोय. कोणी शिकवलं नाही, लुगड्याच्या निऱ्यासुद्धा माझ्या मीच बसवल्या. यंदा पोरीनं ब्रह्मपुरीहून बायकांचं सेंट आणलं. आधी लवंग-मिरी नाकात चढते, मग फूल, आणि तासाभरानं चंदनासारखं लाकूड उरतं. म्हणून प्रवेशाच्या बरोबर एक तास आधी लावतो. लाकूड उरलं की माझी चालच बदलते.

आज तालमीत मारोती अडून बसला. "भाऊ, हे सेंट सोडा. तुमी गळ्यात पडून रडता, शर्टाले वास लागते. घरी बायको शेवंता विचारून राह्यली, कोण हाय थे? दोन दिवसांपासून माझं ताट पोरीच्या हातानं येऊन राह्यलं."

सगळे हसले. ढोलकीवाल्यानं टोमणा हाणला, "मंडपात कोणाले वास येते, भाऊ?"

कोणाला नाही. मला येतो. मारोतीलाही येतो. एरवी माझ्या मिशी काढलेल्या ओठाकडं पाहून हसणारा हा माणूस, आता प्रवेशात खरंच रडतो.

पण शुक्रवारी तो आलाच नाही तर? आणि त्याचं घर? तेही खरंच.

ठरलं. उद्या सकाळी मनगटावर लावीन, बरोबर एक तास थांबीन आणि त्याच्या घरी जाईन. शेवंताबाईंपुढं मनगट धरून सांगीन, हुंगून पाहा बाई, तुमची सवत मीच आहे.