कॅरियरवरून पॅकेटवर

बुध., ८ ऑक्टो.
रविवारी उच्चदाबाची वीजलाईन बंद ठेवायला मंजुरी! दहा ते चार. गाळप सुरू झालं की हंगाम संपेपर्यंत कोणी बंद देणार नाही. म्हणजे एकच संधी. विजेच्या तारेवरूनच निरोप नेणाऱ्या जुन्या कॅरियर संचाचं शेवटचं राखीव कार्डही बसवावं लागलं. रविवारी नवं नेटवर्क जमलं नाही तर अख्खा हंगाम त्या एका कार्डावर.

शुक्र., १०
लाईनच्या नदीकडच्या टोकाला, कोल्हारच्या अलीकडच्या आमच्या उपकेंद्रात, नवा संच बसवला. जेवणाच्या डब्याएवढा! जुना कपाटाएवढा. सॅम्युएलभाऊ, इथले सर्वांत जुने ऑपरेटर, बघून म्हणाले, "एवढुशा डब्यातनं डोंगरापर्यंत निरोप जायचा?"
"विजेच्या तारेवरनं नाही, भाऊ. फायबरनं. पॅकेट करून."
"म्हंजी कुरियरच की. आमचं तर राहुरीलाच आडकतंय."
हसलो. पण शंका रास्त. लाईनवर बिघाड झाला की इकडच्या रिलेचा 'लाईन बंद कर' हा निरोप तिकडच्या रिलेला काही मिलिसेकंदांत पोचलाच पाहिजे, नाहीतर यंत्रं जळायची.

रवि., १२
१०.०५ लाईन बंद. लाईनच्या डोंगराकडच्या टोकाला, अकोले तालुक्यात, मनीषा. कनिष्ठ अभियंता, नोकरी दोनच वर्षं, हात सफाईदार. फायबर जोडली. लिंकचा दिवा लागेना. मी माझ्याकडच्या दोन फायबर, एक जाणारी, एक येणारी, उलटसुलट केल्या. तरी नाही. तिकडे रेंज फक्त फाटकापाशी, त्यामुळे ती सारखी आत-बाहेर. दीड वाजला. तेव्हा उलगडलं: मी बदलतो तेव्हाच तीही बदलते! दोघंही समजूतदार, म्हणून दिवा बंद.
सॅम्युएलभाऊंनी जुन्या संचाचा फोन पुढे केला. "ह्याच्यावरनं बोला की. कपाट अजून जित्तं हाय."
"मनीषा, आता हात लावू नकोस."
"नाही लावत, सर. हात मागे बांधलेत."
एकदाच बदललं. हिरवा!!
निरोपाला जाता-येता सारखाच वेळ, मर्यादेच्या पुष्कळ आत. मुद्दाम एक फायबर उपसली, निरोप पारनेरच्या वाटेनं फिरून पोचला. रिलेला पत्ताही नाही. ३.४० लाईन चालू. जुना संच अजून सोबत जोडलेला. चहा सॅम्युएलभाऊंकडून, भजी माझ्याकडून.

मंगळ., १४
वरिष्ठ: "सोमवारी जुना उतरवा. लेखी हमी पाठवा." चाचण्या सगळ्या पास. पण खरा बिघाड अजून एकही नाही.
सॅम्युएलभाऊ: "सून घरात आली म्हनून सासूला लगेच हाकलत्यात व्हय?"
"सासूचं कार्ड संपलंय, भाऊ."

गुरु., १६
संध्या. ५.४०. हमी अजून पाठवलेली नाही. अकोल्याकडे आभाळ काळंभोर. सगळी नोकरी लाईनवर बिघाड होऊ नये म्हणून धडपडलो. आज एक तरी व्हावा म्हणून खिडकीशी उभा आहे.
मनीषाचा फोन, नव्या संचावरून. आवाज लख्ख. "सर, इकडे कडाडतंय!" सॅम्युएलभाऊ जुन्या संचापाशी, मी नव्यापाशी. परत चमकली. या खेपेला आपल्या मनोऱ्यांच्या अंगाला पडली. वही ठेवतो, निरोप कुठल्या संचावरून आधी पोचतो ते बघायचंय.