यू-टर्नवरचं हिरवं रबर

अप्पा, मी हल्ली पळते. तुम्ही असतात तर आधी ‘कुणापासून?’ असं विचारलं असतंत, म्हणून सांगते, कुणापासून नाही, नुसतीच पळते. सेहेचाळिसाव्या वर्षी डॉक्टर म्हणाले साखर काठावर आहे, आणि रावेतच्या आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर राहणारी माझी मैत्रीण दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालून माझ्या दारात उभी राहिली. पहिले पंधरा दिवस मी तिला मनातल्या मनात शिव्या घातल्या. आता तीन वर्षं झाली. आमचा एक क्लब आहे. कुणी माझ्यासारखं चाकणच्या कंपनीत, कुणी हिंजवडीला, एक दातांचे डॉक्टर, दोन शिक्षिका. रविवारी आम्ही रावेतहून निघतो, पुनावळ्यापर्यंत जातो, परत येतो आणि जेवढं जाळलं तेवढं पोहे खाऊन भरून काढतो. तुम्ही आयुष्यात पळालात ते फक्त कंपनीची बस सुटू नये म्हणून, त्यामुळे यात काय मिळतं ते तुम्हाला समजावणं माझ्या आवाक्यातलं नाही. मलाच ते नीट सांगता येत नाही. पण तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर मी पत्र लिहायला बसले आहे ते पळण्याबद्दल नाही, एका रबरबँडबद्दल.

आमचा क्लब वर्षातून एकदा छोटी शर्यत भरवतो. दहा किलोमीटर, म्हणजे पाच जायचं आणि त्याच रस्त्याने पाच परत यायचं. मोठ्या शर्यतींत रस्त्यावर यंत्रं असतात, कोण कुठून गेलं ते आपोआप नोंदवलं जातं. आमच्याकडे ते नाही. म्हणून जिथून परत फिरायचं तिथे, यू-टर्नला, एक व्हॉलंटिअर हिरव्या रबरबँडांचा डबा घेऊन उभा असतो. जो तिथपर्यंत आला त्याच्या मनगटात एक रबर. शेवटच्या रेषेवर हातात रबर दिसलं तर पळणं पुरं, नाही तर मधूनच वळला असं धरतात. या वर्षी माझा गुडघा दुखत होता म्हणून ते काम मी मागून घेतलं. सोबत एक निवृत्त काका होते, त्यांनी येणाऱ्यांच्या छातीवरचे नंबर वहीत लिहायचे. पुनावळ्याच्या त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी टॉवर उठताहेत, आणि ऐन गर्दीच्या वेळी गल्लीतून काँक्रीटच्या एका मिक्सरने तोंड बाहेर काढलं. ड्रायव्हर थांबायला तयार नाही. काकांनी वही टेबलावर टाकली आणि दोन्ही हात पसरून त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. बरोबरच केलं त्यांनी, नाही तर कुणी तरी चाकाखाली आलं असतं. पण ती सात-आठ मिनिटं वही कोरी राहिली आणि नेमके तेव्हाच माझ्यासमोर घामेजलेले, घाईतले हातच हात. मी एकाला रबर घालतेय, तोवर दुसरा हात पुढे येतोय, रबर खाली पडतंय, काही जण डब्यातून स्वतःच उचलून घेताहेत. मी सगळ्यांना एकच म्हणत होते, शाबास, निम्मं झालं.

सगळं आवरून मी मैदानावर परतले तर स्टेजपाशी घोळका जमलेला. पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांत तिसरी आली होती ती निघोज्याची एक बाई. ती चाकणला एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या करते. अंगात नवऱ्याचा टी-शर्ट, त्याच्या पाठीवर ‘सुरक्षा सप्ताह’ असं छापलेलं. तिच्या हातात रबर नव्हतं. आणि चौथी आली होती ती माझी मैत्रीण. ती चार वर्षं या पदकाच्या मागे आहे, दर वेळी चौथी नाही तर पाचवी. माझ्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर दोन्ही वेळचा डबा वर आणून देणारी ती हीच. ती सगळ्यांसमोर म्हणाली, “जाताना पुलापर्यंत या माझ्या मागे होत्या. मग येताना पुढे कशा? मी तर कुठे थांबले पण नाही. एकदा लेस बांधली, तेवढीच.” क्लबचे सर, म्हणजे आमचे आयोजक, माझ्याकडे वळले. “तुम्ही होतात तिथे. या आल्या होत्या का, एवढंच सांगा.”

मी त्या बाईकडे पाहिलं. तो टी-शर्ट मी सकाळपासून कुठे तरी पाहिला होता, एवढं नक्की. पण रबरांचा डबा घ्यायला मी सुरुवातीच्या रेषेवरही गेले होते. तिथे पाहिला की यू-टर्नला? मी म्हणाले, “सर, मला आठवत नाही.”

हे बोलताना मला तुम्ही दिसलात, अप्पा. खिडकीजवळचं तुमचं टेबल दिसलं. वर्षातून एकदा कंपनी घरच्यांना आत सोडायची तेव्हा मी आणि आई तुमचं खातं बघायला यायचो. तुम्ही शेवटचे तपासनीस. पिंपरीच्या त्या शेडमध्ये लोखंडी रिंगा तुमच्यापुढे यायच्या, तुम्ही एकेक उचलून उजेडात फिरवायचात, बोट फिरवायचात, आणि मगच ब्रशने पिवळ्या रंगाचा ठिपका. तो ठिपका पडला की माल बाहेर जायचा. मी विचारलं होतं, सगळ्या सारख्याच दिसतात तर एकेक कशाला बघता? तुम्ही म्हणालात, “आपण बघितलं नाही त्यावर आपला रंग नाही.” घरीही तेच. चिंचवडच्या दोन खोल्यांत आई भांडी घासून पालथी घालते आहे, तुम्ही रविवारच्या चहाआधी एकेक पेला खिडकीकडे धरून बघता आहात, आणि त्यातला एक मुकाट्याने परत मोरीत ठेवता आहात. आई म्हणते, “हे घर आहे, तुमचं टेबल नाही.” तुम्ही हसता. पेला काही तिथून उचलत नाही.

आणि ती सहावीतली गोष्ट. मी मॉनिटर होते. बाईंनी हजेरी माझ्याकडे सोपवली होती, माझ्याच बाकावरची मुलगी आली नव्हती आणि मी तिची हजेरी लावून टाकली. संध्याकाळी हसत हसत तुम्हाला सांगितलं. मला वाटलं होतं, तुम्हीही हसाल. तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात. दुसऱ्या दिवशी तुमची दुसरी शिफ्ट होती, तुम्ही सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर शाळेत आलात आणि मला वर्गापुढे उभं करून सांगायला लावलंत की मी न बघता हजर लिहिलं. बाई स्वतः म्हणत होत्या, जाऊ द्या हो, लहान आहे. तुम्ही जाऊ दिलं नाहीत. ती मुलगी वर्ष संपेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मला आजही त्या वर्गातली फरशी आठवते, कारण पूर्ण वेळ मी तिच्याकडेच बघत होते.

तर त्या शिकवणीप्रमाणे मी बोलले. बघितल्याचं आठवत नाही, म्हणून हो म्हणणार नाही. इथवर सगळं सरळ होतं. मग ती बाई बोलली. ती भांडली असती तर बरं झालं असतं, पण ती समजावून सांगायला लागली. “ताई, आसं काय करता? तुमीच तर घालीत होता माज्या हातात. बांगड्यांच्या म्होरं सरंना, म्हणून मी मुठीत धरलं. पानी घेताना पडलं आसंल कुठं.” तिने हात वर केला. मनगटभर काचेच्या बांगड्या होत्या. पहिल्या रांगेतल्या खुर्चीतून तिची सासू उठून आली. हिचं पळणं बघायला म्हातारी पहिल्यांदाच आली होती. ती सरांना म्हणाली, “घरात माजं आन् हिचं पटत न्हाई, इचारा निघोज्यात कुनालाबी. पर ही खोटं बोलायची न्हाई.” लोक हसले. सर म्हणाले, “मावशी, खोटं कोण म्हणतंय? पण नियम आहे ना. रबर नाही, वहीत नंबर नाही, मॅडमना आठवत नाही. मी तरी काय करू?” सासू म्हणाली, “आमी येवड्या लांबनं आलो ते ह्याच्यासाठी व्हय?” बाईने तिच्या खांद्याला हात लावला, छातीवरचा नंबर काढला, त्याची घडी केली आणि दोघी निघाल्या. पाच मिनिटांनी माझ्या मैत्रिणीचं नाव पुकारलं. मी टाळ्या वाजवल्या.

आता मला जे कळत नाही ते सांगते. तिने बांगड्या म्हटल्याबरोबर माझ्या बोटांना काही तरी आठवलं. गार काच, आणि रबर पुढे सरकत नाहीये म्हणून मी दुसऱ्या हाताने त्या बांगड्या मागे ढकलते आहे. पळायला येणाऱ्या बायका सहसा बांगड्या काढून येतात. त्या गर्दीत असा हात एखादाच असणार. पण हे मला खरंच आठवलं, की तिने सांगितल्यावर माझ्या मनाने तयार केलं? घरी येऊन मी डोळे मिटून बसले, तर कधी बांगड्या दिसतात, चेहरा नाही, कधी टी-शर्ट दिसतो आणि हात दिसत नाही. एकदा तर टी-शर्टच्या पाठीवरची अक्षरं दिसली. पण यू-टर्नला माझ्याकडे येणाऱ्याची पाठ मला दिसेल कशी? वळून गेल्यावर दिसेल. म्हणजे ती वळून गेली? की सुरुवातीच्या रेषेवर माझ्यापुढे पाठमोरी उभी होती? मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, “अगं, एका पदकाचं एवढं काय घेऊन बसलीस? पुढच्या वर्षी पळेल ती.” त्याचंही खरं आहे. पुढच्या वर्षी ती येणार नाही, हे मात्र मला कुणी न सांगता कळतं.

आणि या सगळ्यात तुमचा मला राग येतो आहे, अप्पा, तेही लिहून टाकते. तुमच्या दहाव्याला तुमच्या खात्यातले एक जुने सोबती आले होते. ते ग्राइंडिंगला होते. बाजूला बसून त्यांनी मला सांगितलं की त्यांची बायको ससूनला होती, दोन दिवस त्यांना झोप नव्हती, आणि त्यांच्या मशीनवरचा अख्खा क्रेट तुम्ही एकही रिंग न उचलता पिवळा केला होता. तुम्ही तो माल परत पाठवला असतात तर त्यांची नोकरी गेली असती. “आयुष्यात एकदाच केलं त्यांनी तसं,” असं म्हणून ते रडले. तेव्हा मला तुमचा अभिमान वाटला होता. आता वाटतं, मग मला वर्गापुढे का उभं केलंत? माझ्या बाकावरची मुलगीही कुठे मजेत होती? तिचा भाऊ तापाने फणफणला होता, म्हणून ती घरी राहिली होती. तुम्हाला मी ते सांगितलंही होतं. एखाद्याकडे बघून, न तपासता हो म्हणायची वेळ कोणती, आणि नाही म्हणायची कोणती, हे तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही मला अर्धंच शिकवलंत. की तुम्हालाही ठाऊक नव्हतं, आणि त्या क्रेटनंतर तुम्हीही माझ्यासारखे डोळे मिटून बसायचात? आई म्हणायची, काही दिवस तुम्ही जेवताना बोलायचा नाहीत. ते दिवस कोणते, ते विचारायला आता तीही नाही.

पण राग तुमच्यावर काढून माझी सुटका होत नाही. बांगड्यांचं आठवलं तेव्हा सर अजून समोर होते, ती बाई होती, सासू होती. ‘थांबा, मला आता आठवल्यासारखं वाटतंय’ एवढं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? मी मैत्रिणीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघतही नव्हती, बूट काढून पायाला हवा लागू देत होती. मी गप्प बसले. ते तुमच्या शिकवणीमुळे, की महिनाभराच्या त्या डब्यांमुळे, हे मी दहा दिवस स्वतःला विचारते आहे. दर वेळी आधी तुमचं नाव पुढे येतं, आणि मला ते चटकन पटतं, आणि चटकन पटतं म्हणूनच संशय येतो. मैत्रीण पेढे घेऊन वर आली होती. मी दोन खाल्ले, साखरेचा विचार न करता. गोड लागले.

हे पत्र कुठे टाकणार? टाकायचं नाहीच आहे. फक्त एक राहिलं. परवा क्लबच्या ग्रुपवर शर्यतीच्या फोटोंची लिंक आली. यू-टर्नच्या वळणावर, कठड्याला टेकून एक फोटोवाला बसला होता, तो मला तेव्हा दिसलाच नव्हता. आपला नंबर टाकला की आपले सगळे फोटो येतात. तिचा नंबर मला पाठ आहे, ती घडी करत होती तेव्हा वाचला. ती आली होती की नाही ते मिनिटभरात कळेल, आणि आली असेल तर सरांना सांगावं लागेल, आणि मग खाली जाऊन मैत्रिणीचं दार वाजवावं लागेल. आज कंपनीला सुट्टी आहे, मोबाइल इथे हाताशी आहे, दुपारपासून मला दुसरं काही काम नाही. तो नंबर टाकावा लागू नये म्हणून मी तुम्हाला हे पत्र लिहीत बसले आहे.