होआकीन की डॅनियल

सॅन अँटोनिओ, टेक्सास

आई,

आशीर्वाद दे. तुझा नातू सुखरूप आहे. काविळीमुळे थोडे दिवस दिव्याखाली ठेवला होता, पण आता दूध नीट ओढतो. काळजी करू नकोस.

बाबा गेले तेव्हा तू म्हणाली होतीस, नातवाचं नाव त्यांचंच, होआकीन, ठेवायचं. पण इथल्या नर्सने ते वाचलं, "जोक्विन!" मलाही इथे सगळे हिमेनाऐवजी झिमेनाच म्हणतात. पोराच्या वाट्याला तेच नको, म्हणून आम्ही डॅनियल ठरवलं. स्पॅनिश-इंग्रजी दोन्हीकडे चालतं.

माझे सासरे व्हर्नन, ज्यांना इंग्रजीशिवाय काही येत नाही, तेच उखडले. "मग मी महिनाभर ते नाव म्हणायला जीभ कशाला वळवत बसलो? टॉर्टियाच्या पोळ्या विकणारी ती बाई माझ्या उच्चाराला हसली, ते फुकटच?" आणि बाळावर वाकून म्हणाले, "होआकीन." इतकं स्वच्छ, की मला रडू आवरेना.

आता तो होआकीन डॅनियल आहे. शाळेत ज्याला जे जमेल ते म्हणू दे.

तुझे गुडघे कसे आहेत? तुझ्या व्हिसाचं अजून कळलं नाही, पण होईल. तोवर रविवारी फोन कर. मी त्याच्या कानाशी धरीन, तू त्याला हाक मार.

तुझीच,
हिमेना